दैवाचा पाचवा वाटा

२०१०च्या ऑक्टोबरात पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचे मागचे टायर फुटले, गाडी खोल खड्ड्यात कोसळली आणि आत बसलेले अडतीस वर्षांचे गृहस्थ गेले. गाडी चालवणारा त्यांचा सहकारी होता. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली, तेव्हा विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे की टायर फुटणे ही देवाची करणी आहे आणि देवाच्या करणीची भरपाई माणसाकडे मागता येत नाही. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी २०२३मध्ये हे अपील फेटाळले. देवाची करणी म्हणजे जिचा आधी अंदाज येत नाही आणि जिला कोणीही माणूस जबाबदार नसतो अशी नैसर्गिक घटना. टायर फुटते ते वेगाने, कमी किंवा जास्त हवेने, जुन्या रबराने, तापमानाने. निघण्यापूर्वी टायर पाहणे हे चालकाचे काम होते. निकाल मोटार अपघाताच्या भरपाईचा आहे. पण दैव कुठे सुरू होते, हा जो प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षे कीर्तनात, स्मृतींत आणि ओट्यावरच्या गप्पांत चघळला गेला, त्याला या निकालाने नेमका हात घातला आहे.

नागपूरकरांना हा प्रश्न परका नाही. शिवमडक्यापासून निघणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंत खुला झाला आणि वैदर्भीय माणसाला प्रथमच ताशी १२० किलोमीटरचा वेग कायद्याने मिळाला. सरळ, सिमेंट काँक्रीटचा रस्ता, वर मे महिन्याचे ऊन. नागपूरचा पारा २०१३च्या मे महिन्यात ४७.९ अंशांवर गेला होता. (२०२४मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, ते यंत्र बिघडल्यामुळे, पण तेवढ्यावरही अनेकांचा विश्वास बसला, यातच काय ते आले.) मात्र उन्हावर सगळे ढकलून चालत नाही. टायर आतून तापते ते मुख्यतः चालताना त्याची बाजू सतत वाकते-सरळ होते म्हणून. हवा कमी असली की ते जास्त वाकते, वेग वाढला की ते अधिक वेळा वाकते, डिकीत सामान खच्चून भरले की आणखी वाकते. शहरात सीताबर्डी ते वर्धा रोड करताना जे टायर वर्षानुवर्षे निमूट चालले, तेच सलग दोन तास १२०ने पळताना उत्तर देते. ज्यांच्याकडे वेगाची म्हणून घेतलेली गाडी असते त्यांचे गणित तर आणखी नाजूक. दिसायला भारी म्हणून मोठे अलॉय आणि पातळ बाजूचे टायर बसवले जातात, आणि त्यावर लिहिलेले भाराचे व वेगाचे अंक कोणी वाचत नाही. ९१ व्ही म्हणजे एका टायरवर ६१५ किलो आणि ताशी २४० पर्यंतची क्षमता, तीही हवा बरोबर असताना आणि रबर ताजे असताना. हे सगळे टायरवरच कोरलेले असते. ज्याचा अंदाज आधी येतो, इतकेच नव्हे, जो आधी लिहूनही ठेवलेला असतो, त्याला दैव कसे म्हणायचे?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे मोजली आहेत. अधिष्ठान, म्हणजे जिथे कर्म घडते ती जागा, मग कर्ता, मग निरनिराळी साधने, मग नाना प्रकारच्या चेष्टा, म्हणजे हालचाली आणि खटपटी, आणि पाचवे दैव. या यादीत दैव आहे, ही गोष्ट बुद्धिवाद्यांनी लक्षात घ्यावी. ते पाचवे आहे, ही गोष्ट बाकीच्यांनी लक्षात घ्यावी. समृद्धीवरच्या कुठल्याही अपघाताला ही यादी लावून पाहा : रस्ता, चालक, टायर आणि ब्रेक, चालवण्याची तऱ्हा आणि मग राहिलेले सगळे. पहिल्या चारांचा हिशेब न मांडता पाचव्यावर बोट ठेवणे ही आस्तिकता म्हणता येणार नाही, तो आळस आहे. महाभारतात कर्णाच्या रथाचे चाक जमिनीत रुतते तेव्हा तो धर्माला आणि दैवाला दोष देतो. त्यावर श्रीकृष्णाचे उत्तर कठोर आहे : संकटात बुडालेली हीन माणसे दैवाला नावे ठेवतात, स्वतःच्या दुष्कृत्यांना नाही. आणि मग तो एकेक कृत्य मोजून दाखवतो. शाप खरे होते, ब्राह्मणाचा आणि परशुरामाचाही. तरी व्यासांनी चाकाचा हिशेब शापापाशी थांबू दिला नाही.

१ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. टायर फुटले, असे सुरुवातीला चालकाकडून सांगण्यात आले. परिवहन विभागाच्या पाहणीत टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. या घटनेत दोष कोणाचा हे ठरवणे या लेखाचे काम नाही. मला महत्त्वाचे वाटते ते पहिले वाक्य. ‘टायर फुटले’ हे आपल्या काळातले ‘नशिबात होते’ झाले आहे. ते उच्चारले की पुढचे प्रश्न थांबतात. त्याच महिन्यात अपघाताच्या जागी काही भाविकांनी महामृत्युंजय मंत्राचा जप करून यंत्र बसवले आणि आता या टापूत अपघात होणार नाहीत असा दावा झाला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला आणि २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हाही नोंदला गेला. मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेला कोणी हरकत घेऊ नये. आक्षेप दाव्याला आहे, कारण दावा खरा मानणारा चालक त्या टापूत थोडा निर्धास्त होतो, आणि वेगात निर्धास्त होणे हीच तिथली मुख्य व्याधी आहे.

इथवरचे कोणीही मान्य करील. अडचण पुढे आहे. त्या पुणे–मुंबईच्या गाडीत जे गेले, त्यांच्या बाजूने पाहा. स्टीअरिंग त्यांच्या हातात नव्हते. टायरची हवा तपासणे हे त्यांच्या कर्तव्यात बसत नव्हते. त्यांच्यासाठी ते फुटणे अगदी आकाशातून वीज पडावी तसेच होते. मग न्यायालयाने जिला निष्काळजीपणा म्हटले ती गोष्ट त्यांच्यासाठी दैव नव्हती का? माझे उत्तर : होती. एकच घटना एकाचा हलगर्जीपणा आणि दुसऱ्याचे दैव असू शकते, आणि बहुतेक वेळा दैव असेच तयार होते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या राजधर्मप्रकरणात दैवाची व्याख्याच अशी आहे की ते पूर्वदेहात केलेल्या पुरुषार्थाचे प्रकट झालेले रूप आहे. आणि लगेच पुढे म्हटले आहे की एका चाकावर रथ चालत नाही, तसे पुरुषार्थावाचून दैव सिद्धीस जात नाही. स्मृतिकार दैवाला परके मानत नाही. त्याच्या लेखी ते कोणाचे तरी केलेलेच आहे, फक्त ते आता करणाऱ्याला दिसत नाही. मी त्यात एवढीच भर घालीन की ते पूर्वजन्मी आपणच केलेले असावे लागत नाही. शेजारच्या लेनमधल्या माणसाने गेल्या मंगळवारी टाळलेले काम मला आज दैव म्हणून भेटते. आणि म्हणूनच टायर निवडणे हा प्रत्येकाच्या ऐपतीचा आणि आवडीचा खासगी मामला राहत नाही. चार टायर घेताना आपण अनोळखी माणसांच्या दैवाचा एक तुकडा ठरवत असतो.

ही गोष्ट थंड मुलखात गेलेल्या मराठी कुटुंबांना आपल्याहून लवकर कळते. वेगवान गाड्यांना बहुधा उन्हाळी टायर असते. पारा सात अंशांच्या खाली गेला की त्याचे रबर कडक होते आणि बर्फावर त्याची पकड जवळजवळ नाहीशी होते. मग ‘ऑल-सीझन’ टायरचा पर्याय पुढे येतो. नाव मोठे आहे, पण तो एक समझोता आहे : उन्हाळ्यात उन्हाळी टायरइतका चिकटत नाही, खऱ्या बर्फात हिवाळी टायरइतका थांबत नाही. हलक्या थंडीच्या गावात तो चालतो. तीन शिखरांत हिमकणाचे चिन्ह असलेला घेतला तर बर्फातही बऱ्यापैकी निभावतो. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये मात्र नुसत्या नावावर विसंबता येत नाही. क्यूबेक प्रांताने २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे केले आहेत आणि आता ती सक्ती १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. तिथल्या सरकारने बर्फाला देवाची करणीच मानले आहे, घसरण्याला मात्र तसे मानले नाही. बर्फ पाचव्या खान्यात, टायर तिसऱ्यात. आपल्याकडे मे महिना पाचव्या खान्यात घाला, हरकत नाही. पण सगळ्या ऋतूंत एकच साधन पुरेल हा विश्वास कुठेच टिकत नाही, नागपुरातही नाही.

आता आक्षेप. सर्वांत जुना आक्षेप प्रारब्धाचा : आयुष्याची दोरी तुटायची असेल तर नव्या टायरनेही तुटेल. बुद्धाच्या काळात मक्खली गोसालाने हेच पूर्ण ताकदीने मांडले होते. सगळे नियतीने ठरलेले, प्रयत्नाने काही बदलत नाही. बुद्धाने त्याच्या मताची गणना सर्वांत घातक मतांत केली, कारण ते खरे मानले तर काय करावे आणि काय टाळावे हा विचारच उरत नाही. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखोंनी ‘जन्माने ठरलेले’ असे सांगितले गेलेले जिणे नाकारले, त्या शहरात गोसालाचे मत निदान टायरच्या दुकानात तरी खपू नये. शिवाय प्रारब्ध मानणारा माणूसही ब्रेक काढून ठेवत नाही. आपण प्रारब्ध आठवतो ते नेमके पैसे खर्च करायची वेळ आल्यावर, हे पाहिले म्हणजे हा युक्तिवाद तत्त्वज्ञानातून आला की पाकिटातून, याची शंका येते.

दुसरा आक्षेप गीतेतूनच येतो, आणि तो जास्त चलाख आहे. पाच कारणे सांगितल्यावर गीता म्हणते की केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही. मग चालकाला दोष का? मला वाटते, इथे अहंकार काढून घेतला आहे, जबाबदारी नाही. दहा वर्षे अपघात केला नाही म्हणून छाती फुगवणाऱ्याला हे सांगणे आहे की रस्ता, यंत्र आणि समोरून येणारे शंभर सावध चालक यांचाही त्यात वाटा होता. तोच न्याय उलटही लागतो : अपघाताचा सगळा भार एकट्या चालकावर टाकणेही चूक. रिमोल्ड टायरवर ट्रक हाकणाऱ्याला टायर निवडण्याचा अधिकार नसतो, तो मालकाला असतो. सलग सरळ रस्त्यावर डोळा लागू नये म्हणून विसाव्याच्या जागा हव्यात, त्या बांधणे चालकाच्या हातात नसते. समृद्धीवर त्या सुरुवातीला पुरेशा नव्हत्या. परिवहन खात्याने २०२३मध्ये नागपूरच्या टोकाला टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ते योग्यच होते. पण गरिबाला परत पाठवणे सोपे असते आणि वाहतूकदाराला जाब विचारणे अवघड. पाचांचा हिशेब मांडायचा तर पाचही मांडावेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो. दोघे जण नक्षी पार घासलेल्या टायरवर शिर्डीला निघतात. एक पोचतो, दुसऱ्याचे टायर फुटते आणि त्याची गाडी एका कुटुंबाच्या गाडीवर जाऊन आदळते. दोष सारखाच, पण आपण दुसऱ्याला गुन्हेगार म्हणतो आणि पहिल्याकडे प्रसाद मागतो. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६मध्ये या कोड्याला नैतिक नशीब असे नाव दिले. काही म्हणतात, परिणामावरून न्याय करणे अन्याय्य आहे. काही म्हणतात, परिणामाशिवाय न्यायाला अर्थ नाही. मला इथे दैवाचा पाचवा वाटा कबूल करावासा वाटतो. शिक्षेत फरक पडेल, पडावा. पण पोचलेल्या माणसाला निर्दोष म्हणण्याचे कारण नाही. त्याचे फक्त बिल आले नाही.

आणि दैव म्हणून प्रकरण मिटवले तर नुकसान कोणाच्या पदरी पडते, हेही विचारावे. उच्च न्यायालयाने विमा कंपनीची ‘देवाची करणी’ मानली असती तर त्या कुटुंबाला ही भरपाई मिळाली नसती. देव मध्ये आणल्याने देवाचे काही बिघडत नाही. बिघडते ते मागे राहिलेल्यांचे. दैवाचा आधार दुःखाला असावा, हिशेब चुकवण्याला नसावा, एवढा विवेक आपल्या परंपरेत भरपूर आहे. तो वापरायला विज्ञानवादी व्हावे लागत नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा अवश्य करा. लिंबू चिरडा, झेंडूचा हार घाला. नायट्रोजन भरला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो. हार घालण्यापूर्वी टायरच्या बाजूवरचे चार अंक वाचा : पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे, २३१९ असेल तर ते टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातले आहे. नक्षीच्या खोबणीतली आडवी पट्टी वरच्या रबराशी समतल झाली असेल, म्हणजे १.६ मिलिमीटरच उरले असेल, तर ते बदला. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासा. तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून ती सोडू नका. आणि स्टेपनी विसरू नका.