तोलामोलाची जोड

"काय चाचा, फतवा निघाला का न्हाई अजून?"

2024 च्या लोकसभा मतदानाआधीच्या गुरुवारी सकाळी, रंकाळ्याची फेरी संपवून आमचा घोळका चहाच्या गाड्यावर थांबला असताना आण्णांनी हे विचारलं. चाचांचं शिवणकामाचं दुकान गाड्याच्या पलीकडंच आहे. लग्नसराईमुळं सध्या ते सहालाच मशीनवर बसतात आणि सातच्या सुमारास गळ्यात टेप तशीच ठेवून चहाला येतात. गेली वीस वर्षं येतात. आण्णा त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत, तरी त्यांना 'चाचा' म्हणतात. घोळक्यात बाकीचे सगळे नाना, बापू, दादा. सातआठ जण हसले. चाचाही हसले. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि बोटांभोवती गुंडाळायला लागले. घट्ट गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. ग्लासात निम्मा चहा होता. तो गाड्यावर ठेवला आणि "काम पडलंय" म्हणून निघून गेले. एरवी हा माणूस सगळ्यांच्या शेवटी उठतो.

तेव्हा कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही, आणि ते तीन दिवस मला टोचतंय. परतताना मात्र मी आण्णांना म्हणालो, हे बरं नाही केलंत. ते आधी म्हणाले, सगळेच बोलतात. मग म्हणाले, तोपण हसला की. आणि शेवटी कोल्हापुरात हमखास ऐकायला मिळतं ते उत्तर आलं: "आवो, आपली भाषाच रांगडी. मनात काय नसतंय."

या उत्तराचा मला मनापासून संताप येतो. आपण ते इतकी वर्षं खपवून घेतोय की आता कोणतीही घाण त्यात गुंडाळून समोरच्याच्या अंगावर टाकता येते.

भाषा रांगडी आहे ना? मग ती सगळ्यांशी तशीच असायला पाहिजे. हेच आण्णा मागच्या महिन्यात कर्जाच्या कामासाठी बँकेत गेले होते, मी सोबत होतो. तिथं साहेबासमोर "जरा तेवढं बघता का", "तुमच्या सवडीनं", "काय घाई नाही". जावई घरी आला की यांच्या तोंडातून "अहो" खाली पडत नाही. नगरसेवक समोर आला की आवाज निम्म्यावर येतो. समोरचा कोण आहे हे बघून जी बदलते ती रांगडी भाषा नव्हे. ती हिशेबी भाषा आहे. कुणाशी किती वाकायचं आणि कुणाच्या अंगावर कितपत जायचं, याचा पक्का अंदाज घेऊन ती तोंडातून निघते.

आणि रांगडेपणाचं माहेर म्हणजे तालीम. तिथं काय शिकवतात? वस्ताद जोड लावताना वजन बघतो, वय बघतो, मेहनत बघतो. खासबागेत जोड तोलामोलाची नसेल तर लोकच ओरडून उठतात, कुस्ती सोडवा म्हणतात. आखाड्यात उतरल्यावर आधी मातीला हात, मग सलामी, मग डाव. घिस्सा लागला, ढाक लागली, खालचा चितपट झाला, तरी वरचा त्याला हात देऊन उठवतो. काठावर कपडे घालून बसलेल्या माणसाला ओढून आत घेऊन त्याच्यावर डाव टाकणारा पैलवान मी आजवर पाहिला नाही. चाचा काठावर बसले होते, चहा पीत. त्यांनी लांग कसली नव्हती. त्यांना उलटा डाव टाकता येत नाही, हे विचारणाऱ्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी रागानं एक शब्द जरी काढला असता, तर पुढं त्याचं काय काय झालं असतं याचा विचार करा. आण्णांच्या बोलण्याचं काहीच होत नाही, ते हवेत विरून जातं. चाचांचं बोलणं विरत नाही. त्याची चर्चा होते, ते मोबाईलवर जातं.

उलट डाव आण्णांवर पडतो तेव्हा काय होतं, तेही या घोळक्यानं बघितलंय. फेब्रुवारीत राष्ट्रवादीच्या नावाचा आणि घड्याळाचा निकाल लागला त्या आठवड्यात बापूंनी त्यांना विचारलं, "आण्णा, तुमचा पक्ष सध्या कुठल्या पक्षात हाय?" बरोबरीच्या माणसानं बरोबरीच्या माणसाला विचारलेली, चोख कोल्हापुरी चेष्टा होती ती. आण्णा आठ दिवस फेरीला आले नाहीत. तेव्हा ही रांगडी भाषा कुठं गेली होती?

आता दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात चाचांच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा त्यांचं सगळं कुटुंब चार दिवस आण्णांच्या घरी होतं. शिलाई मशीन आण्णांच्या मुलानं खांद्यावरून आणलं. त्यामुळं "मनात काय नसतंय" हे आण्णांच्या बाबतीत खरं आहे, असं मी मानतो. पण मग मनात नसलेलं तोंडात आलं कुठून?

मोबाईलमधून आलं. मला त्या वस्तूचा तिटकारा आहे असं नाही, पण चहाला थांबलेल्या माणसाच्या नाकासमोर स्क्रीन धरून "हे बघा, हे बघा" करणाऱ्यांचा नक्की आहे. आमच्यात असे तिघं आहेत. पहाटे पाचला आलेलं सातला वाटून मोकळे होतात. 'फतवा' हा शब्द आण्णांच्या तोंडी मी मागच्या दोनचार वर्षांतच ऐकतोय. त्याआधी आमच्या घोळक्यातली राजकारणाची चेष्टा गोकुळ दूध संघाच्या ठरावावर असायची, उसाच्या पहिल्या उचलीवर असायची, कागलात कोण कुणाचा गट फोडतोय यावर असायची. त्यात चाचा सगळ्यांत पुढं. कोणत्या पेठेत कोण कुणाला आतून मदत करतोय हे शिंप्याइतकं कुणाला कळणार? मापं द्यायला सगळ्याच पक्षांचे लोक येतात. ती चेष्टा आपली होती. ही जी आता चाललीय ती इंदूरला, पाटण्याला, सुरतेला शब्दाशब्दानं अशीच चाललेली असणार. भाड्यानं आणलेल्या भाषेला आपल्या मातीचं नाव देऊ नका. कोल्हापुरीवर हा आळ आहे, आणि तो मला सहन होत नाही.

मोबाईलमधल्या शब्दांचं पुढं काय होतं ते या शहराला वेगळं सांगायची गरज नाही. 2023 चा 7 जून सगळ्यांच्या लक्षात आहे. मोबाईलच्या स्टेटसवरून सुरू झालं आणि शिवाजी चौकात लाठीमार, अश्रुधूर, इंटरनेट बंद इथवर गेलं. चाचांनी दोन दिवस शटर उघडलं नव्हतं. तेही आण्णांना माहीत आहे.

आणि हे कुठल्या गावात? 1906 ला शाहू महाराजांनी मुस्लिम बोर्डिंग काढलं ते याच गावात. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळेंना हॉटेल काढून दिलं, गिऱ्हाईक फिरकेना म्हणून स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा घेतला आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावला, ते याच गावात. चहाच्या एका कपानं माणसाला बरोबरीला आणून बसवता येतं हे आपल्या राजानं शंभर वर्षांपूर्वी दाखवलं. आपण त्याच चहावर माणसाला उठवून लावतोय. यंदा तर प्रचाराच्या एका सभेत शाहूंच्या गादीचा खरा वारसदार कोण इथवर बोलून झालं. 1884 ला कागलच्या घाटग्यांच्या घरातून यशवंतराव दत्तक आले म्हणून कोल्हापूरला राजर्षी शाहू मिळाले. त्या कोल्हापुरात कुणी कुणाच्या दत्तकपणावर बोट ठेवावं? पण वरून व्यासपीठावर जे बोललं जातं ते दुसऱ्या दिवशी गाड्यावर येतंच. गादी आणि मोदीची यमकं तर महिनाभर ऐकतोय. त्यांचा मला त्रास नाही. यमक हे प्रचाराचं काम आहे, आणि दोन्ही बाजूंनी ते मनापासून केलंय.

त्रास आहे तो माणसाला गाठून त्याचं मत वदवून घेण्याचा. गाड्यावर कामाला एक पोरगं आहे, यंदा पहिल्यांदा मतदान करणार. शुक्रवारी त्यालाही धरलं: "तू कुणाचं बटण दाबणार रं?" मालक दोन हातांवर दूध ओतत होता. पोरगं त्याच्याकडं बघून म्हणालं, "मालक म्हणतील तिकडं." परत सगळे हसले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या, 1951 च्या, कलम 94 प्रमाणं कुणालाही तू मत कुणाला दिलंस हे सांगायला भाग पाडता येत नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करूनसुद्धा नाही. न्यायाधीशाला जे विचारता येत नाही ते आम्ही मालकादेखत पोराला विचारतो.

गुप्त मतदान म्हणजे काय हे कोल्हापूरकरांनी तरी विसरू नये. 1977 ला इथं शेकापचे दाजीबा देसाई निवडून आले ते 165 मतांनी. त्या निवडणुकीत देशभरात यापेक्षा कमी फरकानं कुणी जिंकलं नव्हतं. आणीबाणी शिथिल झाली होती, पण अजून उठली नव्हती, माणसं दबक्या आवाजात बोलत होती. ती 165 माणसं कुठल्या पेठेतली, कुठल्या वाडीतली, कुठल्या जातीधर्माची, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. त्यांना त्या वेळी कुणी चहाच्या गाड्यावर गाठून "बोल, कुणाला?" विचारलं असतं, तर त्यातली निम्मी तरी मालक म्हणतील तिकडं गेली असती.

याचा अर्थ निवडणुकीच्या तोंडावर चेष्टा करू नये असं मी म्हणत नाही. मंगळवारी मतदान आहे, आज संध्याकाळी प्रचार थांबेल, आणि या दोन दिवसांत कोल्हापूर गप्प बसलं तर मलाच काळजी वाटेल. उमेदवाराची करा, नेत्याची करा, पक्षाची तर कराच. पक्षांनी त्यासाठी भरपूर सामान पुरवलंय. 2014 ला धनंजय महाडिक आणि संजय मंडलिक समोरासमोर होते, महाडिक 33 हजारांनी आले. 2019 ला परत तेच दोघं, 'आमचं ठरलंय'चा गजर झाला आणि मंडलिक पावणेतीन लाखांच्या आसपास फरकानं आले. यंदा, 2024 ला, महाडिक मंडलिकांसाठी मतं मागतायत, आणि ज्यांचं तेव्हा ठरलं होतं त्यांचं आता दुसरीकडं ठरलंय. आमच्या गल्लीत दोन शेजारी आहेत. 2014 च्या त्या लढतीवरून त्यांचं वाजलं, तेही असंच चेष्टेत सुरू झालं होतं. नेते दहा वर्षांत एका व्यासपीठावर आले. हे दोघं अजून एकमेकांच्या दारावरून जात नाहीत, एकाच्या मुलीच्या लग्नाला दुसरा आला नाही. लग्न पुन्हा लागत नसतं.

काल दुपारी मी चाचांच्या दुकानात गेलो. पँटची उंची कमी करायची होती. खरं म्हणजे तेवढं एकच काम नव्हतं. मशीनशेजारी कागदी कप होता. कागदी कपात चहा पिणं मला अजिबात आवडत नाही, हे चाचांना ठाऊक आहे. काचेचा ग्लास परत द्यावा लागतो, तोवर समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं. कागदाचा चुरगाळून टाकला की माणूस मोकळा. यावर आमचा वाद पूर्वी झालाय आणि ते माझ्या बाजूनं होते. माझी नजर कपाकडं गेलेली बघून तेच म्हणाले, "चहा आता हितंच मागवतोय, सर. पोरगं आणून देतंय."

मी म्हणालो, चाचा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं.

त्यांनी पँट उलटी केली, शिवण बघितली, खडूनं रेघ मारली. "चार जूनपर्यंतच असतंय सर हे. निकाल लागला की सगळे येतात परत, मापं द्यायला. आण्णांच्या नातवाचं लग्न हाय पंचवीसला. सफारी माझ्याकडंच टाकलीय." आणि खुंटीवरची निळी सफारी दाखवली. कॉलर लावून झाली होती, काज व्हायची होती.

"पँट कधी देता?" मी विचारलं.

"मंगळवारी दुकान बंद. मतदान हाय. बुधवारी या."

त्यांनी पावतीच्या वहीत माझं नाव लिहिलं, खाली 8 तारीख घातली आणि कार्बनची प्रत फाडून माझ्या हातात दिली.