आधी कंबर सरळ कर

बस इथे. आणि तो मोबाइल पालथा ठेव.

दिवाळीपासून ऐकतोय, "सर, डंबेल्स मागवलेत, आले की सुरू करतो." आले ना? त्यांच्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, आणि आता म्हणे बेंच हवाय! लेका, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी संस्थानिक होते, हवी ती सामग्री मागवू शकले असते. त्यांनी संस्थानच्या शाळांत लावले काय, तर सूर्यनमस्कार. तुला मात्र बेंचवाचून अडतंय.

वजन कमी पडतं म्हणतोस? तू 70 किलोचा. पुशअपला त्यातला साधारण दोनतृतीयांश भार हातांवर येतो, म्हणजे 45 किलोच्या आसपास. ते फुकटचं वजन पेलत नाही आणि विकतचं उचलायला निघालास!

मघाशी दहा मारलेस. मारलेस कसले, नुसती मान हलवलीस. कंबर झोळीसारखी लोंबतेय, कोपरं दोन्हीकडे फाकलेली, छाती जमिनीपासून वीतभर वरच. असले दहा मी धरत नाही. जमिनीवर जमत नसेल तर स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकव. टाच ते डोकं एका रेषेत, पोट आवळलेलं, तीन आकडे मोजत खाली जा, श्वास सोडत वर ये. तिथे बारा-बाराच्या तीन फेऱ्या स्वच्छ निघाल्या की भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर, मग जमिनीवर. लाज कसली त्यात?

बैठकांचं तेच. खुर्चीवर टेकून उठ, टाचा उचलू नकोस. आणि पाठीला विसरलास, सगळेच विसरतात, कारण ती आरशात दिसत नाही. दप्तरात पाण्याच्या बाटल्या भर, लिटरला किलो, हिशेब सोपा आहे. एक हात स्टुलावर, पाठ सपाट, दुसऱ्या हाताने दप्तर कमरेपर्यंत ओढ. सोपं वाटू लागलं की एक बाटली वाढव. भार वाढला नाही तर ताकदही वाढत नाही.

पहिल्या दिवशी शंभर बैठका काढून आठवडाभर जिना उतरताना कठडा धरणारा तूच ना? स्नायू दुसऱ्या दिवशी जास्त दुखतात, हे तेव्हाच सांगितलं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अर्धा तास. मधले दिवस भरून यायला लागतात, तेव्हा आगाऊपणा करून रोज करू नकोस. सांध्यात कळ आली तर थांब. आणि रोज आरशापुढे दंड फुगवून बघणं बंद. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा सरावतात म्हणून; आकार नंतर दिसतो. जेवणात डाळ, अंडी, दही नीट घे. नुसत्या चहा-खारीवर दंड भरत नाहीत.

वेळ नाही हे मला सांगू नकोस, बेंचच्या किमती बघण्यात काल रात्रीचे दोन तास कुणी घालवले?

ऊठ. तो ओटा मोकळा आहे. आठ दाखव, सावकाश.

कंबर!