सक्तीची सेवा आणि निष्काम कर्म

इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या दोन वर्षांच्या पदविका अभ्यासक्रमात, जो पुण्याजवळच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजातही शिकवला जातो, विद्यार्थ्याने सृजन, शारीरिक कृती आणि सेवा या तिन्हींत किमान १८ महिने सातत्याने सहभागी व्हावे अशी अट आहे. तिला गुण नसतात, मात्र ती पूर्ण केल्याखेरीज पदविका मिळत नाही. सृजन आणि व्यायाम यांचा लाभ करणाऱ्यालाच होत असल्याने त्यांच्या सक्तीविषयी फारसा वाद संभवत नाही, पण पदविकेसाठी केलेल्या सेवेला सेवा म्हणावे का, हा प्रश्न खऱ्या अर्थाने नैतिक आहे. भगवद्गीतेतील निष्काम कर्माच्या, म्हणजे फळाची आसक्ती सोडून केलेल्या कर्माच्या कसोटीवर अशी सेवा उणी पडते. कर्तव्याला केवळ अनुरूप असलेली कृती आणि कर्तव्यबुद्धीतून घडलेली कृती यांत कांटने १७८५ साली केलेला भेदही तिच्या विरोधातच जातो. ॲरिस्टॉटलच्या मते मात्र सद्गुण जन्मजात नसून सवयीने अंगी बाणतो, न्याय्य कृती करत राहिल्यानेच माणूस न्यायी होतो. त्यामुळे प्रारंभीचा हेतू अशुद्ध असला तरी तेवढ्यावरून सक्ती त्याज्य ठरत नाही. अधिक शंकास्पद आहे ती या अभ्यासक्रमातील आत्मचिंतनाच्या नोंदींची अट, कारण त्या नोंदी पुरावा म्हणून तपासल्या जात असल्याने वृद्धाश्रमात गेलेल्या विद्यार्थ्याचे लक्ष समोरच्या वृद्धाच्या गरजेपेक्षा स्वतःच्या विकासाकडे वळते, आणि कर्तेपणाचा जो अभिमान गळून पडावा अशी गीतेची अपेक्षा आहे, त्यालाच तेथे लेखी रूप मिळते.