क्षण आणि क्रम

काळ हा अखंड प्रवाह आहे की सुट्या क्षणांची मालिका, या प्रश्नाने आमच्या दर्शनकारांना शतकानुशतके गुंतवून ठेवले. आणि आज संगणकावर संगीतरचना करणाऱ्या माणसासमोर तोच प्रश्न रोज उभा राहत असूनही, तो प्रश्न आहे हे ध्यानी येण्यापूर्वीच त्याचा निकाल लावला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

निरनिराळ्या कारखान्यांच्या वाद्यांना परस्परांशी जोडणारा मिडी हा संकेत डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने १९८३ साली रूढ झाला. त्याच्या संदेशात ध्वनीचा लवलेशही नसतो. अमुक पट्टी अमुक जोराने दाबली वा सोडली, अशा कृतींचाच मजकूर असतो, आणि तो जोर ० ते १२७ या मर्यादेत मोजतात. विशेष हे की, वाजवताना निघणाऱ्या स्वराच्या संदेशात वेळेचाही उल्लेख नसतो. तो पोहोचला त्या क्षणाची नोंद सॉफ्टवेअर आपल्या दप्तरी करते. मग ती नोंद पडद्यावर हवी तशी मागेपुढे सरकवता येते, आणि क्वांटाइझचा हुकूम सुटला की सारे स्वर उभ्या रेषांच्या जाळीवर मुकाट्याने जाऊन बसतात.

मिनिटाला १२० ठोके आणि ठोक्याचे ४८० टिक, असा हिशेब धरला, तर तिसऱ्या ठोक्याचा स्वर २४ टिक मागे पडणे म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाचा विलंब होय. समजा, त्या स्वराचा जोर ५८ आहे, म्हणजे तो हळुवारही आहे. आधीचा दीर्घ स्वर सोडवेना म्हणून बोट रेंगाळले आणि संकोचाने पुढे सरले, हे ऐकणाऱ्याला तत्काळ कळते. क्वांटाइझने त्याची जागा बदलते, जोर मात्र ५८ च राहतो. आणि ज्याचा संकोच अर्थपूर्ण होता, तो स्वर वेळेवर येऊन नुसताच दुबळा वाटू लागतो.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात क्षणाचा विचार फार सूक्ष्म आहे. परमाणूला एक स्थान सोडून लगतच्या स्थानी जाण्यास लागणारा अवधी तो क्षण. दोन क्षण एकत्र कधीच नांदत नाहीत, म्हणून मुहूर्त, अहोरात्र इत्यादी समुदाय ही वस्तू नसून बुद्धीची रचना होय, असे भाष्यकार मानतात. या दृष्टीने पाहिले तर पडद्यावरची जाळी बुद्धीची, आणि बोट पडले तो क्षण तेवढा खरा. आम्ही मात्र जाळीला सत्य मानून क्षणालाच अपराधी ठरवतो.

रॉजर लिन यांच्या १९८० च्या तालयंत्रात क्वांटाइझबरोबरच ठोक्याचा एकाआड एक पोटविभाग किंचित मागे सारणारी शफलची सोयही होती, म्हणजे नेमकेपणाच्या कर्त्यालाही वक्रतेची गरज जाणवली होती. परंतु तो विलंब नियमबद्ध. आणि पुढे आलेल्या ह्युमनाइझच्या सोयीतला विलंब यदृच्छेचा. माणसाचा विलंब या दोहोंहून निराळा, कारण त्याला आधीच्या स्वराची आठवण आणि पुढच्याची ओढ असते. यदृच्छेला स्वातंत्र्य समजणे ही मला नियमाला सत्य समजण्याइतकीच गंभीर चूक वाटते.

बोट खरोखर चुकले असेल तर दुरुस्ती अवश्य करावी. पण आधी पडदा झाकून ऐकावे, स्वर हलवताना शेजारच्या स्वराकडे पाहावे, आणि वादन दुसऱ्याचे असेल तर, तो हयात आहे तोवर, त्याला विचारावे.