खेळाची भाकरी

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे ते १७२४ सालच्या लढाईमुळे. तेथे निजाम-उल-मुल्क याने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दक्षिणेच्या राजकारणास निराळे वळण लागले. त्या काळच्या फौजांतील शिपाई बहुधा पोटासाठी चाकरी करीत. तरी वेतनामुळे त्यांच्या शौर्यास कमीपणा आला असे कोणी म्हणत नाही. गवई बिदागी घेतो, वैद्य दक्षिणा घेतो, आणि त्यांची विद्या त्यामुळे बाटत नाही. मग चेंडू टोपलीत टाकण्याच्या कौशल्यावर एखाद्या स्त्रीने आपली भाकरी मिळवावी, एवढे ऐकताच आपल्या सुशिक्षित घरांतूनही भुवया का चढाव्यात?

या नापसंतीच्या मुळाशी एक विचार आहे व तो अगदीच टाकाऊ नाही. खेळ हा आनंदासाठी असतो. त्यात पैसा शिरला की आनंद जातो आणि धंदा उरतो, असा तो विचार होय. बास्केटबॉलचा जन्म पाहिला तर या म्हणण्यास आधारही सापडतो. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घरात व्यायाम घडावा म्हणून हा खेळ रचला. फळांच्या टोपल्या भिंतीवर टांगल्या, एवढीच काय ती सामग्री. लवकरच सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजातील मुलींना तो शिकविला. त्या मुलींच्या मनात उपजीविकेचा विचार असण्याचे कारणच नव्हते.

परंतु हौशीपणाचा हा अभिमान कोणास परवडतो, हे पाहिले पाहिजे. ज्याची भाकरी दुसरीकडून येते त्यालाच खेळाच्या निर्मळपणाची चिंता करण्यास सवड असते. स्त्रीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. पुरुषाचा रिकामा वेळ त्याचा स्वतःचा असतो. स्त्रीचा रिकामा वेळ घराचा समजला जातो. ती दोन तास मैदानावर गेली तर ते दोन तास तिने कोणाचे तरी घेतले असा हिशेब मांडला जातो. त्याच दोन तासांचे वेतन मिळू लागले, की तो वेळ तिचा ठरतो. म्हणून स्त्रीखेळाडूच्या बाबतीत पैसा हा खेळाचा शत्रू नसून पुष्कळदा त्याचे कुंपण आहे. हौस ही परवानगीवर चालते. काम हक्काने चालते.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. हे वेतन मिळते तरी किती जणींना आणि किती वर्षे? केरळच्या गीतू ॲना जोस यांचे उदाहरण घ्या. सहा फुटांहून अधिक उंची, असामान्य कौशल्य, भारतीय संघाचे नेतृत्व, ऑस्ट्रेलियात रिंगवुडच्या संघाकडून खेळण्याचा अनुभव, एवढी शिदोरी घेऊन त्या २०११ साली अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक संघांपुढे परीक्षेस उतरल्या. त्या वर्षी त्या स्पर्धेतील सर्व संघांच्या मिळून जागा दीडशेहूनही कमी होत्या. त्यांना जागा मिळाली नाही. पाठीशी दक्षिण रेल्वेची नोकरी होती, म्हणून निराशेला भुकेची जोड मिळाली नाही. पुण्याच्या शिरीन लिमये यांनीही रेल्वेच्या संघाकडून खेळून पुढे भारतीय संघाचे कर्णधारपद भूषविले. २०१७ साली बंगळुरूस आशियाई चषकाच्या दुसऱ्या श्रेणीच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी कझाकस्तानवर ७५-७३ असा विजय मिळविला, त्या संघात त्या होत्या. दोन गुणांचे हे अंतर! त्यामागे किती वर्षांच्या पहाटा खर्ची पडल्या असतील, याची नोंद गुणफलकावर होत नसते.

आता प्रश्न आपल्या अंगणात आणून पाहू. साखरखेर्ड्यासारख्या गावातील एखाद्या उंच, चपळ मुलीने आईबापांपुढे हाच हट्ट धरला तर त्यांनी काय करावे? यशाचा संभव थोडा, गुडघा एकदा दुखावला की सारे संपण्याची भीती मोठी, आणि तिशी उलटताच बहुधा निवृत्ती. ही भीती खोटी आहे असे सांगणे म्हणजे त्या आईबापांची फसवणूक होय. पण जे अल्पकाळ टिकते ते कमी मोलाचे, हा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मोहोर थोडेच दिवस टिकतो म्हणून आंब्याच्या झाडाला कोणी दोष देत नाही. मुलीची शाळा सुटू नये, एवढी अट आईबापांनी जरूर घालावी; परंतु नफ्याची हमी मागू नये. हमी मागताच खेळाचा जुगार होतो, आणि हरलेली मुलगी घरात कर्जदारासारखी वावरू लागते.

तथापि सारे ओझे आईबापांवर टाकून आपण मोकळे होणे न्यायाचे नाही. विजयाच्या दिवशी ती मुलगी साऱ्या गावाची लेक होते. पराभवाच्या दिवशी ती एकट्या बापाची उरते. जो समाज तिच्या जयाचा आनंद वाटून घेतो त्याने तिच्या अपयशाचा काही भागही उचललाच पाहिजे; मग तो नोकरीच्या रूपाने असो, पुढील शिक्षणाच्या रूपाने असो, की गावच्या शाळेत इतर मुलींना शिकविण्याच्या कामाच्या रूपाने असो. वऱ्हाडास ही दृष्टी नवीन नाही. अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला गेला, तो शरीर कमावणे हे सार्वजनिक कार्य आहे याच श्रद्धेने.

खेळाची भाकरी खाणे हीन नाही. हीन आहे ते दुसऱ्याच्या खेळाचा आनंद फुकट घेऊन त्याच्या भाकरीची चौकशी न करणे.