'करेक्ट' आणि 'राइट'

मुलाच्या पाटीवरची बेरीज जुळली म्हणजे मास्तर कधीं 'करेक्ट' म्हणतात, कधीं 'राइट' म्हणतात. त्यामुळें हे दोन इंग्रजी शब्द एकाच अर्थाचे आहेत अशी समजूत होणें साहजिक आहे. गणितापुरती ती चालेल; व्यवहारांत चालणार नाहीं.

'करेक्ट' हा शब्द लॅटिन भाषेंतून आला असून 'सरळ केलेलें' हा त्याचा मूळ अर्थ होय. ठरलेल्या नियमाशीं ताडून पाहतां जें निर्दोष ठरतें तें करेक्ट. 'राइट' शब्दाचाहि मूळ अर्थ सरळ असाच, आणि आपला 'ऋजु' त्याच्याच कुळांतला. परंतु त्याचा संसार फार वाढला. काटकोनास राइट म्हणतात, उजव्या हातास राइट म्हणतात, आणि मनुष्याच्या हक्कासहि राइटच म्हणतात. 'करेक्ट' शब्दांतून हक्क निघत नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आपला 'बरोबर' शब्द मूळचा फारसी. छातीस छाती भिडवून उभे राहणें असा त्याचा भाव. त्यांत वरील दोन्ही अर्थ मिसळून जातात, व तेथेंच घोटाळा होतो.

हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा आहे काय? इ. स. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं, आणि पुढें त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतहि, शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले. खोटे रोखे होतेच, ते सोडून द्या. परंतु कित्येक रोख्यांत बोट ठेवण्यास जागा नव्हती: नांगराची निशाणी होती, साक्षी होत्या, आंकडे जुळत होते. मात्र दर नव्या रोख्यांत मागील व्याज मुद्दल होऊन बसे; कुळास वाचतां येत नसे; आणि न्यायाधीश समोरचा कागद पाहून हुकूमनामा देई. कागद करेक्ट होता, राइट नव्हता. इ. स. १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तेव्हां न्यायाधीशास त्या कागदाच्या पाठीमागें जाण्याची आज्ञा मिळाली: पहिल्यानें किती रुपये खरोखर हातीं पडले, किती फिटले, हें त्यानें विचारावें. कर्ज कांहीं त्यानें नाहींसें झालें नाहीं. पण प्रश्न बदलला.

उलटपक्षीं, हिशेब कसाहि असला तरी चालेल, न्याय तेवढा असावा, असें म्हणणारेहि भेटतात. त्यांचें म्हणणें मला पटत नाहीं. रोख्यामागें गेलेल्या न्यायाधीशालाहि शेवटीं बेरीज-वजाबाकी करावीच लागे, आणि तींत चार आण्यांची चूक झाली तर ती कोणाच्या तरी माथीं बसे.