एका पंखाची साक्ष

पावसाळ्याच्या रात्री दिव्याजवळ कधी कधी एक नाजूक, फिकट हिरवा कीटक येऊन बसतो. त्याचे पारदर्शक पंख बारीक जाळीसारखे असतात. त्याच्या अळ्या पिकावरील मावा खातात. शेतकरी त्याला क्रायसोपा म्हणून ओळखतात. लिनियसने १७५८ मध्ये जाळीदार पंखांच्या कीटकांचा ‘न्यूरॉप्टेरा’ हा गण मांडला. त्यात त्याने चतुरालाही बसविले होते. पुढील अभ्यासकांनी चतुराला वेगळे काढले. थोरांचा निर्णयही अखेरचा नसतो, तो असा.

या गणातील कित्येक कुळे नामशेष झाली आहेत. कीटकाचे मऊ शरीर लवकर कुजते, पंख मात्र चिवट असतो. त्यामुळे अनेकदा खडकात उमटलेला एखादा पंख, तोही अर्धवट, एवढीच त्या जीवाची साक्ष उरते. कॉमस्टॉक आणि नीडहॅम या अमेरिकन अभ्यासकांनी १८९८-९९ मध्ये पंखांतील शिरांना सर्व कीटकांसाठी समान नावे सुचविली. कोणती शीर कोठे फाटते, आडव्या शिरा किती दाट आहेत, यांवरून कूळ ठरवू लागले.

१९०४ मध्ये योहानेस वाल्टर यांनी जर्मनीतील सोल्नहोफेनच्या चुनखडीत सापडलेल्या अशाच एका जीवाला ‘कॅलिग्रामा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सुंदर अक्षर. या कुळातील अनेकांच्या रुंद पंखांवर डोळ्यासारखे ठिपके होते, काहींना खवले होते, रस शोषण्यासाठी लांब सोंडही होती. पाहणाऱ्याने सहज फुलपाखरू म्हणावे! परंतु फुलपाखरांचे ज्ञात जीवाश्म सुमारे साडेपाच कोटी वर्षांपलीकडे जात नाहीत, आणि हे जीव दहा कोटी वर्षांहून अधिक जुने. ठिपके फुलपाखराचे, पण शिरा जाळीपंखी कुळाच्या. साम्य म्हणजे नाते नव्हे.

शिराही फसवू शकतात. एकाच कीटकाच्या डाव्या-उजव्या पंखांत थोडा फरक असतो. पुढचा आणि मागचा पंख निरनिराळे सापडले, तर एकाच जातीला दोन नावे मिळण्याचा धोका असतो. म्हणून पुरावा अपुरा असेल तेव्हा अभ्यासक ‘इन्सर्टाय सीडिस’, म्हणजे ‘स्थान अनिश्चित’, असे लिहून थांबतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

हे वाचताना मला माझाच एक जुना आदेश आठवला. जमिनीच्या नोंदींचे काम माझ्याकडे असताना एका वृद्ध विधवेने पतीच्या हिश्श्यासाठी अर्ज केला होता. पुरावा म्हणून वाळवीने खाल्लेला एकच कागद. त्यावर नावाचा अर्धाच भाग उरलेला. मी लिहिले, “अर्जदाराचा या जमिनीशी संबंध नाही.” कागदावरून मला एवढेच म्हणता आले असते की, “संबंध सिद्ध झाला नाही.” दोन्ही वाक्यांनी अर्ज फेटाळलाच गेला असता, पण माझ्या वाक्याने ती बाई गावात खोटी ठरली. तिने अपील केले नाही.

कोणी म्हणेल, संशोधकाला थांबता येते, अधिकाऱ्याला निकाल द्यावाच लागतो. हे खरे आहे. माझ्यापुढेही तारखा होत्या, फायलींचे ढीग होते. पण निकाल देणे वेगळे आणि पुराव्यापलीकडे बोलणे वेगळे. चुकीच्या नावाने कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या कीटकाला काही दुखत नाही. तरी त्याच्याबाबत माणसे शब्द जपून वापरतात. जिथे जिवंत माणसाला दुखणार होते, तिथे मला तेवढे जपता आले नाही.

निवृत्तीनंतर आदेश बदलता येत नाही. माणसांविषयी मत देताना मात्र आता मी थबकतो. माझ्या हाती त्यांच्या आयुष्याचा बहुधा एकच पंख असतो, तोही अर्धा.